सवलतीतले ऑनलाइन प्रोग्रॅमिंग कोर्स: घ्यावेत की नाही?

ताळेबंद

नमस्कार. मी हिशेब विभागात काम करते. दर महिनाअखेरीला वेगवेगळ्या शाखांकडून एक्सेलच्या फायली येतात. त्या एकत्र करायच्या, बँकेच्या नोंदींशी ताडून पाहायच्या आणि जुळत नाहीत त्या नोंदी बाजूला काढायच्या. सगळं हाताने चालतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर यातलं बरंचसं आपोआप होतं, हे एका सहकाऱ्याने करून दाखवलं. तेव्हापासून शिकायचं पक्कं केलंय. प्रोग्रॅमिंगचा अनुभव शून्य, पण एक्सेलची सूत्रं, पिव्होट टेबल वगैरे चांगलं येतं.

एका कोर्स-साइटवर सध्या मोठा सेल चालू आहे. ८५ टक्के सवलत आणि वर उलटं चालणारं घड्याळ, 'फक्त ५ तास शिल्लक'. कार्टमध्ये तीन कोर्स टाकलेत. एक पायथनचा, साठेक तासांचा, शून्यापासून सगळं शिकवू म्हणणारा. दुसरा डेटा सायन्सचा. तिसरा वेब डेव्हलपमेंटचा. तिसऱ्याची आत्ता गरज नाही, पण एवढा स्वस्त पुन्हा मिळेल की नाही असं वाटतंय.

ही सवलत खरी असते का? फुकट एवढं उपलब्ध असताना पैसे द्यावेत का? आणि शेवटी मिळणाऱ्या सर्टिफिकेटला कोणी विचारतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

अर्धविराम

घड्याळाची काळजी पूर्ण सोडून द्या. ते शून्यावर आलं की थोड्याच दिवसांत नवं सुरू होतं, सेलचं नाव तेवढं बदलतं. हे स्वतः तपासता येतं. कोर्सचं पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा आणि काही आठवडे अधूनमधून किंमत टिपून ठेवा. खोडून दाखवलेल्या 'मूळ' किमतीला तो कोर्स किती दिवस असतो ते कळेल. नव्या ग्राहकाला आणि जुन्याला वेगळी किंमत दिसते, असंही पुष्कळदा आढळेल.

खोडलेल्या किमतीचं काम काय असतं ते सांगतो. १९७४ साली ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था आधीच केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? १० दिसलेल्या गटाच्या अंदाजांचा मध्यक २५ आला, ६५ दिसलेल्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता, तरी आकडा मनात रुतून बसला. खोडलेली किंमत अगदी हेच करते. 'माझे किती वाचले' हा हिशेब त्या आकड्यावरून सुरू होतो आणि 'मला हे शिकायचं आहे का' हा प्रश्न मागे पडतो. तिसरा कोर्स कार्टमध्ये याच वाटेने आलाय. तो आधी काढा.

वेलांटी

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

रात्रपाळी

अर्धविराम यांचं सवलतीबद्दल पटलं. पण पुढे नेहमीप्रमाणे 'सगळं फुकट मिळतं, पैसे कशाला' असे प्रतिसाद येतील, म्हणून आधीच लिहितो.

मी विकतचे कोर्स घेऊनच शिकलो आणि त्यावर आज काम करतोय. फुकट सामग्रीत माहितीची कमतरता नसते, क्रमाची असते. एक व्हिडिओ लूपवर, दुसरा थेट क्लासेसवर, तिसऱ्यात कोड लिहायचा वेगळाच एडिटर, चौथ्यात गृहीत धरलेलं की तुम्हाला व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट म्हणजे काय ते माहीत आहे. कामावरून आल्यावर माणसाच्या हातात तासभर असतो. त्यातला अर्धा तास 'आता पुढे काय बघू' यात गेला तर शिकायचं कधी? चांगल्या कोर्समध्ये कोणीतरी बसून ठरवलेलं असतं की हे आधी, ते नंतर, आणि हे आत्ता नकोच. मी त्या निवडीचे पैसे देतो, आणि ते सवलतीच्या किमतीत खुशाल द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

मात्र एका वेळी एकच. पहिला संपल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही.

पाटीपेन्सिल

मी प्रोग्रॅमिंग शिकवते, वर्गातही आणि ऑनलाइनही. या विषयावर मला मनापासून लिहावंसं वाटतं, कारण शिकण्याची इच्छा असलेली माणसं चुकीच्या ठिकाणी खर्ची पडताना रोज दिसतात. पैसे हा त्यातला लहान भाग आहे. साठ तासांचा व्हिडिओ खरोखर करून बघायचा, म्हणजे थांबवून, टाइप करून, चुका शोधून, तर त्याला साठच्या दुप्पट-तिप्पट तास लागतात. कोर्सची खरी किंमत ती. सवलत त्यावर मिळत नाही.

आता सवलतीचाच एक परिणाम, जो फारसा कोणी बोलत नाही. १९८५ साली हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात प्रयोग केला. हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीला तिकीट दिलं, काहींना कोणतीही पूर्वसूचना न देता सवलतीत. कोणाला सवलत मिळणार हे योगायोगाने ठरलं होतं, म्हणजे नाटकाची आवड दोन्हीकडे सारखीच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे दिलेल्यांनी सवलतवाल्यांपेक्षा जास्त प्रयोग पाहिले. स्वस्तात मिळालेली गोष्ट सोडून देणं सोपं जातं. घेऊन ठेवलेले कोर्स उघडले जात नाहीत याचं एक कारण तिथे आहे.

यावरून 'मग महाग घ्या' असा निष्कर्ष काढू नका. २०१९ च्या जानेवारीत 'सायन्स' नियतकालिकात एमआयटीच्या दोन संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या साइटवरच्या कोर्सांची सहा वर्षांची माहिती मांडली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ४६ टक्के होतं. लोक हे आकडे दाखवून सांगतात की पैसे भरले की माणूस पूर्ण करतो. पण तिथे पैसे भरणारे मुळातच ठरवून आलेले असतात, त्यांची निवड योगायोगाने झालेली नसते. निर्धार आधीपासून असतो आणि पैसे त्याच्या मागून येतात. आणि तेवढं करूनही निम्म्याहून अधिकांनी मध्येच सोडलंच.

ताळेबंद, तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी बहुतेकांकडे नसते. दर महिन्याला समोर येणारं नेमकं काम. याचा उपयोग कसा करायचा ते उद्या वेळ काढून लिहिते.

ताळेबंद

घड्याळ संपलं आणि मी काही घेतलं नाही. आज त्याच पानावर वेगळ्या नावाने सेल दिसतोय, किंमत तीच. अर्धविराम, धन्यवाद.

पाटीपेन्सिल, वाट बघते.

जुना_फळा

रात्रपाळी यांच्या क्रमाच्या मुद्द्याला थोडं उत्तर. 'फुकट' म्हणजे सुटे व्हिडिओ असं धरलं तर ते बरोबर आहेत. पण क्रमवार, गृहपाठासकट, तपासणीसकट फुकट कोर्सही आहेत आणि त्यातले काही विकतच्यांपेक्षा कितीतरी सरस आहेत.

हार्वर्डचा सीएस५०, संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स, सगळ्यांना माहीत असतो. त्याचाच एक भाऊ फक्त पायथनवर आहे आणि अगदी नवख्यांसाठी आहे. डेव्हिड मॅलन शिकवतात. प्रत्येक आठवड्याला गणितं असतात, तुम्ही लिहिलेला कोड आपोआप तपासला जातो. पूर्ण केलात तर सीएस५० चं स्वतःचं प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं, एडएक्सचं पडताळणी केलेलं हवं असेल तरच पैसे.

दुसरा, माझा सर्वात आवडता, हेलसिंकी विद्यापीठाचा पायथन कोर्स. मुख्यतः मजकूर आहे, वाचायचं आणि लगेच करायचं. धड्यागणिक सराव इतका आहे की हात आपोआप वळतो. एडिटरला त्यांचं एक एक्स्टेंशन जोडलं की उत्तर बरोबर की चूक, कुठली चाचणी अडली, सगळं तिथल्या तिथे दिसतं. वेबकडे जायचं असेल तर त्यांचाच फुल स्टॅक ओपन आहे, शिवाय फ्रीकोडकॅम्प आणि द ओडिन प्रोजेक्ट. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचं ट्युटोरिअल उत्तम आहे, पण ते आधी एखादी भाषा येणाऱ्यांना जास्त मानवतं. तुम्ही त्याने सुरुवात करू नका.

रात्रपाळी

जुना_फळा, हेलसिंकीचा बघितला. मान्य, क्रम पक्का आहे. पण वाचून शिकणं सगळ्यांना झेपत नाही. काहींना कोणीतरी बोलत, टाइप करत दाखवावं लागतं, निदान सुरुवातीला. इंग्रजी मजकूर भराभर वाचता येत नसेल तर सबटायटल्स लावून, वेग कमी करून व्हिडिओ बघणं सोपं पडतं. ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडचे कितीतरी जण इथेच गळतात.

जुना_फळा

हे मी विसरत होतो, खरं आहे.

पाटीपेन्सिल

वचन दिल्याप्रमाणे लिहितेय, लांबेल.

कोर्स फुकट असो वा विकत, त्यात तुमच्याकडून काय करवून घेतात ते आधी पाहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने तेच पुन्हा वाचलं, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. व्हिडिओ बघताना येणारं 'हो, कळलं' हे पहिल्या प्रकारातलं कळणं असतं. दुसऱ्याची बोटं पेटीवर फिरताना पाहून सूर कळतात, वाजवता येत नाही. म्हणून एक धडा झाला की खिडकी बंद करायची आणि तोच प्रोग्रॅम कोऱ्या फाइलमध्ये, न बघता लिहायचा. अडलं तरच परत जायचं. ज्या कोर्समध्ये शिक्षकच सगळं टाइप करतो आणि तुमच्यासाठी फक्त 'माझ्याबरोबर लिहा' एवढंच असतं, त्याला कितीही तारे असोत, तो मी सुचवणार नाही.

आता तुमचं काम. तुमच्याकडे शाखांच्या फायली आहेत. (नोकरीतली खरी माहिती घरी नेऊ नका आणि कुठल्याही साइटवर चढवू नका. त्याच आकाराच्या, खोट्या नोंदी भरलेल्या फायली बनवा.) यासाठी पायथनच्या अख्ख्या भाषेची गरज नाही. व्हेरिएबल, लिस्ट आणि डिक्शनरी (नाव आणि त्यापुढे त्याची नोंद अशी यादी), अटी, लूप, फंक्शन, फाइल उघडणं आणि एरर संदेश वाचणं, एवढी पहिली पायरी. मग पांडाज. ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, एक्सेलची फाइल वाचते, एकत्र करते, जुळवते.

जुळवणीत काय काय चुकू शकतं ते तुम्हाला कोणत्याही प्रोग्रॅमरपेक्षा चांगलं माहीत असणार, आणि कोर्स नेमका कच्चा असतो तो इथे. खातेक्रमांक '००४५१२' असेल आणि पांडाजने तो संख्या म्हणून वाचला तर सुरुवातीची शून्यं जातात. तो मजकूर म्हणून वाच, असं स्पष्ट सांगावं लागतं. रकमा दशांशात असल्या तर संगणकाच्या हिशेबात ०.१ आणि ०.२ मिळून बरोबर ०.३ होत नाहीत, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. म्हणून जुळवताना रक्कम सर्वात लहान नाण्यात, म्हणजे पैशांत, पूर्णांक करून घ्यावी किंवा पायथनचा डेसिमल हा प्रकार वापरावा. आणि सर्वात फसवी गोष्ट. दोन तक्ते मर्ज करताना ज्या क्रमांकावर जोडताय तोच दोन्हीकडे एकाहून जास्त वेळा आला असेल तर ओळी गुणाकाराने वाढतात. कुठलीही एरर येत नाही, फक्त बेरीज चुकते. मर्जला 'व्हॅलिडेट' नावाचं एक प्राचल (जादा सूचना) देता येतं, ते 'एकास एक' ठेवलं तर असं घडताच प्रोग्रॅम थांबतो. डेटा सायन्सच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कोर्समध्ये अशा गोष्टींवर किती वेळ दिलाय ते सूची उघडून पाहा. बहुतेकांत मशीन लर्निंगकडे पोचायची घाई असते. तुम्हाला आत्ता हवं आहे ते त्याच्या अलीकडचं.

अर्धविराम

हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

कॅमेऱ्यामागे

मी असे कोर्स बनवतो, म्हणून पलीकडची बाजू लिहितो.

युडेमी या कोर्स-साइटवर तिच्या स्वतःच्या शोधातून किंवा सेलमधून विक्री झाली तर शिक्षकाच्या वाट्याला ३७ टक्के येतात. तीच विक्री शिक्षकाने दिलेल्या दुव्यातून किंवा कूपनमधून झाली तर ९७ टक्के. तुमच्यासाठी किंमत जवळपास तीच. त्यामुळे एखादा शिक्षक आवडला असेल तर त्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा चॅनेलवरून कूपन घेऊन जा. चांगला कोर्स ताजा ठेवायला खूप कष्ट लागतात आणि ते असेच टिकतात.

ताजेपणाबद्दल. पानावरचं 'शेवटचं अद्ययावत' हे एकट्याने पुरेसं नाही, कारण एखादा लहानसा बदल केला तरी ती तारीख पुढे सरकते. प्रश्नोत्तरांचा विभाग हे खरं माप. विकत घेण्याआधी तो दिसत नसेल तर ताज्या परीक्षणांत शोधा, 'कोड चालत नाही' असं किती जण म्हणताहेत, आणि त्यावर कोणी उत्तर देतंय का.

ताळेबंद यांच्या कामातलीच उदाहरणं देतो. एक्सेल वाचण्यासाठी जुन्या कोर्सांमध्ये एक्सएलआरडी नावाची लायब्ररी वापरलेली असते. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या तिच्या २.० आवृत्तीपासून ती फक्त जुन्या एक्सएलएस फायली वाचते, आजच्या एक्सएलएसएक्स फायलींसाठी ओपनपायएक्सएल लागते. अनेक फायली एकमेकांखाली जोडायला जुने शिक्षक डेटाफ्रेमचं (पांडाजमधल्या तक्त्याचं) 'अपेंड' वापरायचे. एप्रिल २०२३ च्या पांडाज २.० मध्ये ते काढूनच टाकलं, आता 'कॉन्कॅट' वापरायचं. म्हणजे तुमचं पहिलंच काम, फायली वाचून एकत्र करणं, २०१९ च्या कोर्सनुसार केलंत तर दोन ठिकाणी अडेल. ज्याला येतं तो मिनिटभरात दुरुस्त करतो. नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो सोडून देतो. याचं मला फार वाईट वाटतं.

उलट, सगळंच जुनं टाकाऊ नसतं. लूप, फंक्शन, डिक्शनरी यावरचे धडे पायथन ३ चे असले की बरीच वर्षं टिकतात. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्यातलं 'प्रिंट' कंसाशिवाय लिहिलेलं दिसलं की तो कोर्स तिथेच बंद करा. वेबच्या बाजूला मात्र वय पटकन होतं. रिॲक्ट या वेबपानं बनवायच्या लायब्ररीत फेब्रुवारी २०१९ ला हुक्स ही नवी पद्धत आली आणि त्याआधीचे कोर्स लिहिण्याची पद्धतच जुनी दाखवतात. तुमच्या कार्टमधला तिसरा कोर्स 'स्वस्त आहे म्हणून आत्ता घेऊन पुढच्या वर्षी बघू' असा असेल तर पुढच्या वर्षी त्यातला काही भाग शिळा झालेला असेल.

तारे बघताना हेही लक्षात असू द्या. परीक्षण बऱ्याचदा पहिल्या काही धड्यांनंतरच मागितलं जातं, तेव्हा शिकणारा उत्साहात असतो. मी तीन ताऱ्यांची परीक्षणं वाचतो, लोक त्यात कारण लिहितात. आणि 'आजीवन उपलब्ध' म्हणजे कोर्स साइटवर राहील तोवर. कायदेशीर किंवा धोरणाच्या कारणाने तो काढला गेला तर प्रवेशही जाऊ शकतो.

उंबरठा

सर्टिफिकेटबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मी भरतीच्या मुलाखती घेते.

पूर्णत्वाचं सर्टिफिकेट अनेक साइट्सवर सगळे धडे 'पाहिले' अशी खूण झाली की मिळतं, परीक्षा लागत नाही. त्यामुळे त्यावरून मला काही ठरवता येत नाही. ते अर्जात असण्याने नुकसान होत नाही, पण एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये. ज्यात तपासलेले प्रकल्प किंवा देखरेखीखालची परीक्षा असते त्याचं वजन थोडं जास्त.

मी काय बघते ते सांगते. उमेदवाराने स्वतःच्या अडचणीसाठी काही बनवलं आहे का. कोर्समधला तोच घरांच्या किमतींचा अंदाज आणि तीच कामांची यादी असे प्रकल्प आम्ही इतके पाहिलेत की त्यावर विचारण्यासारखं काही उरत नाही. पण कोणी म्हणाली, 'दर महिन्याची जुळवणी मी अशी केली, या ठिकाणी ओळी दुप्पट झाल्या, त्या अशा पकडल्या', तर तिच्याशी बोलायला मला तासही कमी पडेल. ताळेबंद, तुम्हाला पुढे डेटाच्या कामाकडे जायचं असेल तर तुमचं हिशेबाचं ज्ञान हीच तुमची जमेची बाजू आहे. नमुना डेटावर केलेलं ते काम गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवता येतो अशा साइटवर) टाका, चार ओळींत समजावून लिहा.

वेलांटी

एक शंका. आता एआयला विचारलं की कोड लिहून मिळतो. मग कोर्सच कशाला हवा?

पाटीपेन्सिल

एरर समजून घ्यायला, एखादी ओळ काय करते ते विचारायला जरूर वापरा, मीही विद्यार्थ्यांना सांगते. पण वरचं मर्जचं उदाहरण बघा. एआयने दिलेला कोड चालेल, तक्ता येईल, दिसायला बरोबर असेल, आणि बेरीज चुकलेली असेल. ते ओळखायला एका ओळीच्या दोन का झाल्या हे समजणारं डोकं लागतं. हिशेबाच्या कामात 'चालतंय' आणि 'बरोबर आहे' यातला फरक ओळखता आलाच पाहिजे. सुरुवातीच्या काळात सरावाची उत्तरं त्याच्याकडून घेऊ नका. अडकल्यावर स्वतः पंधरा-वीस मिनिटं झगडा, मग फक्त इशारा मागा.

रात्रपाळी

+१. आणि शिकताना जे अडतं तेच पुढे लक्षात राहतं.

ताळेबंद

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढा वेळ काढून लिहिलंत.

कार्ट रिकामं केलं. हेलसिंकीचा कोर्स सुरू केलाय, इंग्रजी वाचायला जमतंय. हळू जातं पण जातं. पहिल्या भागाचा सराव झाला आणि उत्तर बरोबर आलं की पुढे जावंसंच वाटतं. धडा बंद करून न बघता लिहायची पाटीपेन्सिल यांची सूचना पाळतेय, ती सर्वात अवघड आहे आणि सर्वात उपयोगी.

विकत घ्यायचाच झाला तर कोणता हेही आता कळतंय. सेलमधला तो डेटा सायन्सचा कोर्स पाहिला. त्याच्या सूचीत फायली वाचणं आणि मर्ज मिळून जेमतेम एक विभाग, उरलेलं सगळं मशीन लर्निंग. त्याऐवजी फक्त एक्सेल आणि पांडाजवरचा एक लहान कोर्स सापडलाय. फुकट दाखवलेल्या धड्यांत 'कॉन्कॅट' वापरलेलं आहे, खातेक्रमांक मजकूर म्हणून वाचायला शिकवलंय आणि शिक्षक प्रश्नांना उत्तरं देतात असं परीक्षणांत लिहिलंय. तो इच्छायादीत टाकलाय. पायथनची पहिली पायरी झाली की घेईन, सेल असो वा नसो.

शेवटचं एक विचारते. घेतल्यावर आवडला नाही तर पैसे परत मिळतात का? आणि फोनवरच्या ॲपमधून घेतला तर काही फरक पडतो का?

कॅमेऱ्यामागे

युडेमीवर असेल तर ३० दिवसांत परतावा मागता येतो. मात्र कोर्सचा मोठा भाग पाहून झाला असेल, किंवा वारंवार घेऊन परत करण्याची सवय दिसली, तर नाकारू शकतात. ॲपलच्या ॲप स्टोअरमार्फत पैसे भरले तर परतावाही ॲपलकडेच मागावा लागतो आणि नियम त्यांचे लागतात. त्यामुळे खरेदी ब्राउझरमधून करा, बघायला ॲप वापरा. मासिक वर्गणीच्या साइट्सचे नियम वेगळे असतात. तिथे विनामूल्य चाचणी कधी संपते ती तारीख आधी बघा, रद्द केली नाहीत तर पैसे कापले जातात.

उंबरठा

घेण्याआधी कार्यालयात एकदा विचाराच. बऱ्याच संस्थांनी कर्मचाऱ्यांसाठी अशा साइट्सची सामूहिक वर्गणी भरलेली असते आणि ती कोणाला माहीतच नसते. काही सार्वजनिक ग्रंथालयंही सभासदांना असा प्रवेश देतात. कोर्सेरा या साइटवरचा कोर्स परवडत नसेल तर तिथे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. अर्ज कोर्सच्या पानावरच असतो, आणि उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून सुरू करायच्या बरंच आधी भरा.

ताळेबंद

मनुष्यबळ विभागाला आजच ईमेल केलाय. उत्तर आलं की इथे लिहिते. दरम्यान डिक्शनरीच्या सरावात अडकले आहे. एकच शाखा दोनदा आली तर आधीची रक्कम पुसली जाऊन नवीनच राहते, मला मात्र बेरीज हवी आहे.

जुना_फळा

डिक्शनरीचं 'गेट' हे फंक्शन वापरा. शाखेची आधीची रक्कम मागा, नसेल तर शून्य दे असं सांगा, आणि त्यात नवीन रक्कम मिळवून परत त्याच शाखेच्या नावावर ठेवा. कोड मुद्दाम देत नाही. जमलं नाही तर तुम्ही लिहिलेलं इथे टाका, बघू.